मास्तर, जरा खुर्च्या लावा

तालुक्यातल्या एका कार्यक्रमाची गोष्ट आहे. कुठला कार्यक्रम, पाहुणे कोण, हे सांगत नाही, कारण तक्रार त्या एका माणसाबद्दल नाही. सकाळी नऊला मंत्री यायचे होते. आम्ही साडेसातलाच पोरांना रांगेत बसवलं. पताका बांधल्या, माईक तपासला, रांगोळीवरून कुत्रं गेलं म्हणून मुलींकडून ती पुन्हा काढून घेतली. पावणेनऊला संयोजकांपैकी एक जण फोन कानाला लावून आला आणि लांबूनच म्हणाला, "मास्तर, जरा खुर्च्या लावा."

मी लावल्या. पुढं सोफे, त्यामागं गादीच्या खुर्च्या, त्यामागं प्लास्टिकच्या. मंत्री दुपारी अडीचला आले आणि सात मिनिटं बोलले. मी तेव्हा मंडपामागं होतो. तिसरीतल्या एका मुलीला उन्हानं चक्कर आली होती, तिला साखरपाणी पाजत होतो. आभार मानताना मंडपवाल्याचं नाव घेतलं, माईकवाल्याचं घेतलं, हारवाल्याचंही घेतलं. आमचं 'आणि सर्व शिक्षकवृंद' यात भागलं.

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ती दुपार माझ्या मनातून जात नाही. खुर्च्या लावण्यात कमीपणा आहे असं मी कधीच मानलं नाही. वर्गातली बाकं नोकरीभर मीच सरळ केली, पावसाळ्यात गळकी कौलंही मीच सारली. मला खुपतं ते वेगळं आहे. त्या मंडपात दोन शब्दांनी आपापल्या जागा बदलल्या होत्या आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. एक शब्द 'मास्तर', दुसरा 'मिनिस्टर'.

हे दोन्ही शब्द लॅटिनमधले, एकाच साच्यात घडलेले. लॅटिनमध्ये 'मागिस' म्हणजे जास्त आणि 'मिनुस' म्हणजे कमी. 'मागिस'वरून 'मागिस्तेर' झाला. जो जास्त आहे, वरचा आहे, तो मागिस्तेर. 'मिनुस'वरून 'मिनिस्तेर' झाला. जो कमी आहे, हाताखालचा आहे, तो मिनिस्तेर. रोममध्ये घोडदळाचा प्रमुख मागिस्तेर होता आणि पोरांना अक्षरं गिरवायला लावणारा शाळेतला शिक्षकही मागिस्तेर होता. मिनिस्तेर म्हणजे पंगतीत वाढणारा, देवळात पूजेची तयारी करून देणारा सेवक. थोडक्यात, खुर्ची मागिस्तेरची आणि ती मांडून देण्याचं काम मिनिस्तेरचं.

मागिस्तेरचा वंश मोठा वाढला. इटलीत तो 'माएस्त्रो' झाला, जर्मनीत 'माइस्टर', फ्रान्समध्ये 'मेत्र', इंग्लंडात 'मास्टर'. त्या मास्टरचा उच्चार झिजून 'मिस्टर' निघाला आणि त्याच्या स्त्रीलिंगी रूपावरून 'मिसेस' आणि 'मिस' निघाल्या. कोर्टातले मॅजिस्ट्रेट याच घरातले. आपल्याकडं इंग्रजी अमदानीत मास्टरचा मास्तर झाला आणि तो शाळेपुरता राहिला नाही. पोस्टमास्तर, स्टेशनमास्तर, बँडमास्तर, शिवणकामातला टेलरमास्तर, असे सगळे मास्तर झाले. रंगभूमीवर मास्टर दीनानाथ आणि मास्टर कृष्णराव झाले. ज्याला आपलं काम दुसऱ्यापेक्षा चांगलं येतं, जो ते दुसऱ्याला शिकवू शकतो, त्याला हा शब्द लागला. मूळ अर्थ इतका लांबचा प्रवास करूनही शाबूत राहिला.

मिनिस्तेरचाही वंश आहे. मायनस, मिनिमम, मायनर हे त्याच 'कमी'च्या गोतातले. तासाचा बारीक केलेला तुकडा म्हणून मिनिट, जेवणाची बारीकसारीक यादी म्हणून मेनू. आणि राजाचा सेवक म्हणून मिनिस्टर. इंग्लंडच्या राजाचे मिनिस्टर हे अक्षरशः राजाची चाकरी करणारे होते. पुढं राजाचा अधिकार लोकांकडं आला, म्हणजे सेवाही लोकांकडं यायला हवी होती. आपला 'मंत्री' हा शब्दसुद्धा मंत्रातून, म्हणजे सल्लामसलतीतून आलेला आहे. उंच आसन त्याही शब्दात नाही. आणि ज्याला आपण उठता बसता 'साहेब' म्हणतो, त्या शब्दाचा अरबीतला पहिला अर्थ सोबती असा आहे. सोबतीसाठी कुणी सात तास पोरांना उन्हात बसवत नाही.

लॅटिन बायबलात मॅथ्यूच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो की तुमच्यात ज्याला मोठं व्हायचं असेल त्यानं सेवक व्हावं. तिथं मोठ्यासाठी 'मायोर' हा शब्द आहे आणि सेवकासाठी 'मिनिस्तेर'. हा मायोर म्हणजे मागिसचाच सख्खा. इंग्रजीतला 'मेयर' आणि सैन्यातला 'मेजर' त्यातूनच आले. मेयरला सावरकरांनी 'महापौर' हा प्रतिशब्द दिला. संस्कृतातला 'महत्' आणि लॅटिनचा 'माग्नुस' एकाच मुळाचे, त्यामुळं ते मूळ मराठी नावातही पुन्हा आलं. महाराष्ट्रातला 'महा'ही तोच. रविवारी मुंबईला जाणाऱ्यांना रडवणाऱ्या मेगाब्लॉकमधला ग्रीक 'मेगा'ही तोच.

हे सगळं मला निवृत्तीनंतर कळलं. तालुक्याच्या वाचनालयात एक जाड कोश चाळत बसलो होतो आणि 'मेस्त्री' या शब्दापाशी थांबलो. मेस्त्री हा पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आलेला, आणि मेस्त्र पुन्हा लॅटिन मागिस्तेरचा मुलगा. आमच्या जिल्ह्यात हे नवल नाही. १५२१ साली पोर्तुगीजांनी चौलला किल्ला बांधायला घेतला आणि १७४० साली तो मराठ्यांकडं आला. मधल्या दोनशे वर्षांत चावी आली, पगार आला, घमेलं आलं, पाव आला. हे सगळे लॅटिनचे पणतू. मुरुड तालुक्यातल्या कोर्लईत तर आजही काही घरांत पोर्तुगीजमधून उपजलेली बोली चालते. ती बोलणारे तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. असा 'मेस्त्र' किनाऱ्याला उतरला आणि हातात करवत, रंधा घेऊन गावोगाव फिरत आमच्या ओटीवर येऊन टेकला.

माझे वडील मेस्त्री होते. लाकूडकाम करायचे. त्यांच्या पिशवीत वाकस, पटाशी, रंधा, गुण्या आणि सुताला बांधलेला पितळी ओळंबा असायचा. कानावर चपटी लाल पेन्सिल. त्यांचं सगळं बोलणं 'सुता'त चालायचं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एकदा एका घरमालकाची दाराची चौकट उभी केली, ओळंबा सोडला आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. ओळंब्याचा दोरा वरच्या बाजूला लाकडाला टेकत होता, खाली मात्र सूतभर फट दिसत होती. मालक म्हणाला, "चालतंय हो मेस्त्री, पडदा लावणार आहोत." बाबांनी काही उत्तर दिलं नाही. पाचरी काढल्या, चौकट उतरवली, बुडाशी पटाशीनं पापुद्र्यासारखी छिलपी काढली आणि पुन्हा उभी केली. दोरा वरपासून खालपर्यंत लाकडाला लागून राहिला. मग पाणी प्यायले. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी त्यांनी मागितली नाही आणि मालकानंही दिली नाही.

माझी शिक्षकाची नेमणूक झाली त्या दिवशी ते आईला म्हणाले, "घरात मास्तर आला. आता मी आपला नुसता मेस्त्री." ते मनापासून बोलले होते. त्यांना वाटत होतं की मुलानं एक पायरी वर टाकली. मी कोशात तो शब्द बघितला तेव्हा ते जाऊन वर्षं झाली होती. मास्तर आणि मेस्त्री हा एकच शब्द आहे, एक इंग्रजांच्या वाटेनं आला आणि एक पोर्तुगीजांच्या, पण दोघांचा अर्थ 'जो वरचा आहे तो' असाच आहे, त्यात पायरी नव्हतीच, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. माझ्या सगळ्या तक्रारींत ही सगळ्यात जुनी.

म्हणून 'ए मेस्त्री' अशी हाक ऐकली की मला लागतं. लोकांच्या फोनमध्ये 'मेस्त्री नळ', 'मेस्त्री टाईल्स', 'मेस्त्री पत्रे' अशी नावं साठवलेली असतात. माणसाला स्वतःचं नाव असतं, ते विचारायला क्षणभर लागतो. घर उभं करणाऱ्याला वास्तुशांतीच्या जेवणाला मागच्या दारी पत्रावळ देतात, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच घरात पाऊल टाकणाऱ्या पुढाऱ्याला नव्या पाटावर बसवतात. तो पाटही मेस्त्रीनंच केलेला असतो.

आता माझ्या गावाच्या नावाबद्दल. मी गागोदे बुद्रुकचा. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे, म्हणजे विनोबा, जिथं जन्मले ते हे गाव. बुद्रुक हा फारसी 'बुजुर्ग'. त्याचा अर्थ मोठा, वडीलधारा. त्याचा जोडीदार 'खुर्द' म्हणजे लहान. सुट्या पैशांना आपण खुर्दा म्हणतो तो त्याच घरातला. एका नावाची दोन गावं झाली की मोठ्याला बुद्रुक आणि धाकट्याला खुर्द म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. पुण्याच्या कडेला कोंढवा, आंबेगाव, वडगाव, तिन्हींची अशी जोडी आहे. उत्तरेत गावांना सरळ 'बुजुर्ग' लावतात. पंजाबात मोठ्याला 'कलां' म्हणतात, भगतसिंगांचं वडिलोपार्जित गाव खटकड कलां. आणि इंग्लंडात लेस्टरशायरमध्ये शेजारी शेजारी दोन गावं आहेत, अ‍ॅपलबी मॅग्ना आणि अ‍ॅपलबी पार्वा. तिथं हे काम लॅटिननं केलं. मॅग्ना म्हणजे मोठी, म्हणजे त्यांची बुद्रुक. पुन्हा तेच 'माग्नुस', पुन्हा तोच मास्तरचा वंश.

असं वडीलधारं नाव कागदावर मात्र कुणी पूर्ण लिहीत नाही. जुन्या दफ्तरात ते 'बु॥' असं लिहायचे. पुढच्या दोन उभ्या रेघा म्हणजे शब्द आखडल्याची खूण. मोडी वाचणाऱ्या कारकुनाला ती कळत होती. मग संगणक आला. एका कार्यालयात माझा पत्ता भरणाऱ्या मुलानं त्या दोन रेघा आकडे म्हणून वाचल्या आणि माझ्या कागदावर 'गागोदे बु ११' असं छापून आलं. पुढच्या टेबलावर विचारलं, "वॉर्ड नंबर अकरा का?" मी सांगितलं की आमच्या गावात अकरा वॉर्ड नाहीत, ते बुद्रुक आहे. दुरुस्तीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, दोन फोटो आणि तीन फेऱ्या झाल्या. दुरुस्त होऊन आलं ते 'गागोदे बी. के.' कुरिअरवाला आता फोनवर विचारतो, "काका, बीके म्हणजे बँकेजवळ का?"

शब्द आखडायला माझी हरकत नाही. आखडलेला शब्द पुन्हा उलगडता येत नाही, त्याला हरकत आहे. आमच्या गावातल्या दहावीच्या मुलांना मी विचारलं, बुद्रुक म्हणजे काय? एक म्हणाला, मागासलेलं. दुसरा म्हणाला, बुद्धू असंच काहीतरी. स्वतःच्या गावाच्या नावात 'वडीलधारं' असा मान आहे आणि मुलं ते नाव शहरात सांगायला लाजतात. याला जबाबदार आम्ही मोठी माणसं. आम्हीच त्यांना दोन रेघांच्या पुढं काही दिलं नाही.

'मास्तर'चंही असंच झालं. माझी नात शहरातल्या शाळेत जाते. ती मला सांगते, "आजोबा, मास्तर म्हणायचं नाही, बॅड वाटतं. सर म्हणायचं, मिस म्हणायचं." तिचं चुकत नाही, ती जे ऐकते तेच बोलते. पण मास्तर टाकून मिस घेणं म्हणजे मागिस्तेरच्या एका नातवाला घराबाहेर काढून त्याच्या चुलतबहिणीला पाट मांडणं. आणि 'सर' हा शब्द लॅटिन 'सेनियोर'वरून आलेला आहे. त्याचा अर्थ वयानं मोठा, वडीलधारा. म्हणजे बुजुर्ग. म्हणजे बुद्रुक. ज्या शब्दाची मुलांना गावाच्या पाटीवर लाज वाटते, तोच अर्थ ती दिवसातून पन्नास वेळा वर्गात उच्चारतात.

आपल्या परंपरेतही शिक्षकासाठी लहान शब्द कधी नव्हता. इंग्रजी शाळांच्या आधी 'पंतोजी' होते. 'गुरु' म्हणजे जड, वजनदार. लॅटिनचा 'ग्राविस' त्याचाच भाऊ, त्यातून ग्रॅव्हिटी आली. उलट अंगाला 'लघु' आणि लॅटिनचा 'लेविस', दोन्ही हलके. इतक्या दूरदूरच्या लोकांनी शिकवणाऱ्याला जड आणि मोठंच म्हटलं, ते उगाच म्हटलं नसणार.

आता रोजच्या बारीक गोष्टी. आमच्या आळीचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट आहे. त्याचा अ‍ॅडमिन कुणालाही न सांगता माणसं काढतो आणि पुन्हा घेतो. अ‍ॅडमिन हे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं आखूड रूप, आणि त्याच्या पोटात पुन्हा मिनिस्तेर, म्हणजे सेवा करणारा. मी त्याला हे एकदा समजावून सांगितलं. त्यानं मला काढलं. लग्नाच्या हॉलमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या माजी विद्यार्थ्याला उठवून तिथं एका सभापतींना बसवलं. मुलगा बिचारा माझ्याकडं बघत उभा राहिला. सत्काराच्या यादीत शिक्षक नेहमी 'इतर मान्यवर' यांच्यानंतर येतात. या गोष्टी लहान आहेत, मला मान्य आहे. पण चौकटही सूतभरच कलती असते. दार लागायचं थांबतं तेव्हा कळतं.

आणि हे सूत किती सुटलंय ते शाळेत दिसतं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत मी खिचडीच्या तांदळाचे हिशेब लिहिले, मतदारयाद्या घेऊन वाड्यावस्त्या हिंडलो, संडास नसलेली घरं मोजली, गणवेशांची मापं घेतली, आणि एकच माहिती चार नमुन्यांत भरून चार ठिकाणी पाठवली. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा कलम २७ मध्ये स्पष्ट सांगतो की जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुकीची कामं सोडून दुसरं अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये. त्या कलमाची छापील प्रत मी पाकिटात घडी घालून ठेवली होती. ज्या दिवशी चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवायचा होता, त्याच दिवशी तातडीच्या माहितीसाठी मला बोलावलं गेलं. पोरं भागाकार न शिकता पाचवीत गेली. मागिस्तेरला मिनिस्तेर केला की नुकसान मागिस्तेरचं फार होत नाही, त्याचा पगार चालू राहतो. नुकसान त्या भागाकाराचं होतं.

इथं मला विनोबा आठवतात, आणि ते फक्त आमच्या गावचे म्हणून नाही. ८ मार्च १९६८ रोजी बिहारमधल्या कहलगाव इथं त्यांनी 'आचार्यकुल' स्थापन केलं. शिक्षकांनी पक्षांच्या राजकारणाच्या वर राहावं, आणि न्यायालय जसं सरकारपासून स्वतंत्र असतं तसं शिक्षणही असावं, हा त्यामागचा विचार. त्यांनी ख्रिस्तधर्माचं सार काढलं, गीतेवर धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली प्रवचनं दिली. ती प्रवचनं लिहून घ्यायला बसले होते साने गुरुजी, अमळनेरच्या शाळेत मास्तरकी केलेला माणूस. त्या तुरुंगात कोण मोठा आणि कोण सेवक? सांगणारा आचार्य, लिहिणारा गुरुजी, आणि दोघंही सेवाच करत होते. मागिस्तेर मनानं मिनिस्तेर झाला तर तो आणखी मोठा होतो. दुसऱ्यानं फर्मावून त्याला तसं केलं तर शाळा लहान होते. मला एवढंच म्हणायचं आहे. ११ सप्टेंबरला आमच्या गावात विनोबांना हार घालायला येणाऱ्यांनी हा फरक लक्षात घेतला, तर मी स्वतः त्यांच्यासाठी खुर्च्या लावीन. आनंदानं लावीन.

तोवर माझं मागणं फार मोठं नाही. मेस्त्रीला नाव विचारा. मास्तर म्हणा किंवा सर म्हणा, पण लांबून ओरडू नका. कार्यक्रमाला वेळेवर या, किंवा पोरांना सावलीत बसवा. आणि पत्ता पूर्ण लिहा.

मागच्या महिन्यात एका खिडकीवर नव्यानं बसलेल्या मुलीनं माझा फॉर्म भरायला घेतला. वय पंचविशीच्या आत, हातात निळं पेन. तिनं विचारलं, "सर, बुद्रुक शॉर्टमध्ये लिहू का?"

मी म्हटलं, "नको बाळा. पूर्ण लिही."

तिनं 'गागोदे' लिहिलं. मग एकेका चौकोनात एकेक अक्षर घालत 'बुद्रु' लिहिलं. चौकोन संपले. ती क्षणभर थांबली, माझ्याकडं पाहिलं, आणि 'क' चौकोनांच्या बाहेर, कोऱ्या कागदावर काढला. सुवाच्य, वळणदार. फॉर्म पलीकडं सरकवताना तिनं विचारलं, "सर, बुद्रुक म्हणजे काय?"

माझ्यामागं रांग होती. तरी मी तिला सांगितलं.